मोरीच्या दाराशी

कोळेकर सिस्टरचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि त्याचं उत्तर दिलं नाही. मला मोबाइल जमत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मुद्दाम पत्र घातलं होतं. अक्षर सुवाच्य, शाई निळी. आमच्या गावाहून तिची बदली पूर्वेकडच्या दुष्काळी भागात झाली होती. तिनं लिहिलं होतं, 'आबा, इथल्या बायकाही तसंच करताहेत. मी सांगून थकले. त्या दिवशी तुम्ही काकींना नेमकं काय म्हणालात, तेवढं कळवा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.'

खरं तर एकच ओळ पुरली असती. पण ती लिहायची म्हणजे तिच्या आधीचं सगळं लिहायला हवं होतं, आणि ते माझ्या एकट्याचं नव्हतं. शिवाय मी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावत आलेला माणूस. माझ्या बोलण्यानं कुणाचं काही भलं होईल, यावर माझा विश्वास कधी बसलाच नाही.

तेव्हा आमच्या घरात आम्ही दोघंच होतो. मी, आणि माझ्या धाकट्या भावाची बायको. माझी बायको यमुना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढे भाऊ बळवंताही गेला. त्याचा मुलगा प्रकाश नोकरीसाठी पुण्याला. मी वाचनालयातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला, भावजय पन्नाशीची. आणि आमच्या दोघांच्या मधे आमच्या घरातली जुनी रीत. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही. घर भरलेलं होतं तोवर ही रीत कुणाला जाणवत नव्हती. माणसं गेली आणि रीत तेवढी मागे राहिली. भावजय चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून आत जायची, मग मी तो उचलायचो. मला काही सांगायचं असलं की मी दाराकडे बघून म्हणायचो, "प्रकाशच्या आईला म्हणावं, आमटीत मीठ कमी पडलंय." ती आतून चुलीला सांगायची, "उद्या बघून घालायला पायजे." भांडण मुळीच नव्हतं. उलट इतकी निगुतीची भाकरी मला जन्मात कुणी वाढली नाही.

त्या दिवशी मी सोप्यात बसून एका जुन्या पुस्तकाला कव्हर घालत होतो. कोळेकर सिस्टर, आमच्या उपकेंद्राची नर्स, स्कूटी लावून आली आणि कट्ट्यावर धपकन बसली. पिशवीतून तिनं प्लास्टिकची एक बोटभर नळी काढली. नळीत एक बारीक मऊ ब्रश होता.

"आबा, वास घ्या."

"कशाचा?"

"घ्या तर."

मी घेतला. "रिठा."

"आता हा दुसरा."

"हाही रिठाच."

"आणि खालच्या आळीच्या गंगूकाकूंनी वर कापूर घातलाय." ती हसली, पण दमलेली होती. "सांगा आता, काय करू मी?"

मागच्या आठवड्यापासून ती हेच घेऊन घरोघर हिंडत होती. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला होणाऱ्या कॅन्सरची ती तपासणी होती, घरच्या घरी करायची. बाईनं आडोशाला जाऊन हा ब्रश स्वतःच आत घालायचा, हलकेच फिरवायचा, नळीत बंद करून परत द्यायचा. दवाखान्यात जायला नको, कुणासमोर झोपायला नको. त्यावरून शहरातल्या प्रयोगशाळेत कळणार होतं की त्या आजाराचा विषाणू अंगात आहे की नाही. असला तर पुढची तपासणी. आजार व्हायच्या कितीतरी आधी त्याला दारातच अडवता येणार होतं. तिनं दिलेलं पत्रक मी दोनदा वाचलं होतं.

"मला वाटलेलं, बायका नकोच म्हणतील," सिस्टर म्हणाली. "एकीनंही नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी वेळेवर परत दिलं. धुऊन!"

"धुऊन?"

"घासून, पुसून, उन्हात वाळवून. वर परत देताना पिशवी रिकामी कशी द्यायची म्हणून पिशवीत साखर. आबा, जे तपासायचं ते मोरीतून वाहून गेलं. मशीनला मी काय दाखवू, साखर?"

मला हसू आलं, पण नवल वाटलं नाही. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा न धुता किंवा रिकामी परत जात नाही. मग असल्या ठिकाणी जाऊन आलेली वस्तू कोण तशीच देणार?

"तू सांगितलं नव्हतंस?"

"शंभरदा सांगितलं. माना डोलावल्या. ऐकतात माझं, करतात काकींचं. 'काकींनी धुऊन दिला, मग आम्ही काय उकिरड्यावरच्या?' असं तोंडावर म्हणतात."

काकी म्हणजे माझी भावजय. पापडाचं पीठ मळायचं असो की बाळंतिणीला न्हाऊ घालायचं असो, आळीतल्या बायका तिला विचारून करायच्या. तिच्या स्वच्छतेपुढे देवळातला पुजारीही दबून असायचा.

"मग त्यांनाच सांग."

"आत्ता तिकडूनच आले. परड्यात तासभर बसले होते. म्हणाल्या, 'पोरी, तू मला लेकीसारखी. माझी घाण तुझ्या हातात द्यायची? मरंन, पन देनार न्हाई.' इथं माझं सगळं शिक्षण संपतं." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा."

"मी?"

"तुम्ही घरचे. वाचलेले."

"मी त्यांच्याशी बोलत नाही."

"भांडलात?"

"नाही. रीत आहे."

सिस्टरनं पिशवी उघडली. "घरात माणसं दोन, आणि त्यातली दोन बोलत नाहीत. छान." तिनं एक नवी नळी काढून कट्ट्यावर ठेवली. "शनिवारी नळ्या न्यायला गाडी येणार. ती शेवटची. मग या गावाची फेरी संपली. काकींची नीट आली तर आळीची येईल." जाता जाता ती थांबली. आवाज खाली करून म्हणाली, "आबा, यमुनाकाकी याच आजारानं गेल्या ना?"

मी मान हलवली.

यमुनेला मिरजेला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं होतं आणि विचारलं होतं, "इतके दिवस काय करत होता?" माझ्या लेखी ते सगळं एकाएकी आलं होतं. परवापर्यंत हिंडतीफिरती बाई आज अंथरुणाला खिळली, एवढंच मला ठाऊक होतं. दिवाळीही बघितली नाही तिनं. आता त्याच घरात, त्याच चुलीपुढे दुसरी बाई बसलेली होती, आणि तिच्या पोटात काय आहे हे कळायची संधी शनिवारपर्यंतच होती. सांगायचं कुणी, तर मी. मनात आलं, गावात दुसरं कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी नळी उंबऱ्यावर ठेवली, जिथे भावजय माझा कप ठेवायची तिथे. मग पत्रक घेऊन सोप्यात बसलो आणि वर्तमानपत्र वाचावं तसं मोठ्यानं वाचू लागलो. "ब्रश पाण्यानं किंवा साबणानं धुवू नये. धुतल्यास तपासणी होऊ शकत नाही."

आतून भावजय चुलीला म्हणाली, "पेपरात हल्ली काय बी छापत्यात."

दुसऱ्या दिवशी मी दुसरा मार्ग काढला. रात्रभर जुळवलेलं होतं. दाराकडे बघून म्हणालो, "वाचनालयात पुस्तक अगदी कोरंकरकरीत परत आलं की मी समजायचो, कुणी उघडलंच नाही. हळदीचा डाग, चहाचा डाग दिसला की समजायचं, वाचलं. डागावरूनच कळतं."

आतलं भाकरी थापणं थांबलं. मला वाटलं, साधलं. मग आवाज आला, "डाग पाडनाऱ्याला दंड कोन करत हुतं?"

मीच करत होतो.

पण उंबऱ्यावरची नळी उचललेली होती.

शनिवारी सकाळी भावजय मोरीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तिच्या हातात पदराआड काहीतरी होतं ते मला दिसलं होतं. मी पुस्तक उघडून बसलो, पण एक अक्षर वाचलं नाही. मग तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला.

मी कसा उठलो ते मला सांगता येणार नाही. खोकल्याशिवाय ज्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, ते ओलांडून मी मोरीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो होतो.

"धुऊ नका," मी म्हणालो.

आतला तांब्या थांबला.

"कोन हाय?"

"मी."

आत बादली सरकली.

"आबा, तुमी तिकडं जावा." प्रकाश मला आबा म्हणायचा. तिच्या तोंडून, मला उद्देशून, तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"जातो. पण धुऊ नका."

"त्या पोरीनं सगळं सांगितलंया. अडानी न्हाई मी. कळतंय मला."

"मग?"

"कळतंय म्हनूनच तर हात धजत न्हाई."

मी काहीच बोललो नाही. कदाचित म्हणूनच ती बोलली. दाराच्या फळीमागून, हळू, कुणाला तरी हिशोब द्यावा तशी.

"ताईंचं असंच सुरू झालं हुतं, आबा. अंगावरनं जायचं. लई वास यायचा. मला म्हनाल्या, ह्यांच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. गळ्याला हात लावून शपथ घातली. मग ती फडकी मीच धूत हुते. तुमी वाचनालयात गेलासा की ह्याच मोरीत. परड्यात कडब्याच्या मागं वाळत घालायची, म्हंजे तुमच्या नजरंला पडू नये. पावसाळाभर केलं. एक डाग दिसू दिला न्हाई मी तुमाला."

मी दाराच्या चौकटीला हात टेकला.

त्या पावसाळ्यात आमच्या घराला सतत रिठ्याचा वास येत असे. मला तो आवडायचा. एकदा संध्याकाळी चप्पल काढता काढता मी यमुनेला म्हणालोही होतो, "घर कसं प्रसन्न वाटतं नाही हल्ली?" ती भिंतीला टेकून बसली होती. "हो," म्हणाली होती.

"ती घाण मी बघितलीया," भावजय म्हणत होती. "आता माझी कुनाच्या हातात देऊ? त्या लेकरागत पोरीच्या?"

इतकी पुस्तकं वाचली, त्यातलं एक वाक्य माझ्या मदतीला आलं नाही. तुम्ही तेव्हा धुतलं नसतं तर, असं एक वाक्य तेवढं मनात आलं होतं. ते मी तिथेच गिळलं. ते खरं असेल, पण त्या बाईनं एका मोसमात माझ्या बायकोसाठी जे केलं, ते मी सगळ्या संसारात केलं नव्हतं.

"माझ्या हातात द्या," मी म्हणालो.

"आबा!"

"यमुनेचं तुम्ही घेतलंत. तुमचं मी घेतो."

आत नळाचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं. मग कडी वाजली. दार जरासं किलकिलं झालं आणि फटीतून हात बाहेर आला. नळीचं टोपण घट्ट बसवलेलं होतं. मला वाटलं ती नळी खाली फरशीवर ठेवेल. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. मी मूठ मिटली. नळी कोमट होती.

सिस्टर आली तेव्हा मी ती तिला दिली. तिनं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "आबा! काय सांगितलंत काकींना?"

"काही नाही."

"काही नाही कसं?"

तेवढ्यात भावजय न्हाऊन बाहेर आली. आमच्याकडे न बघता ती सरळ कट्ट्यावर जाऊन उभी राहिली आणि आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "ए गंगू! ए सुंदरा! माझं चुकलं गं. त्यो बुरुश धुवायचा न्हाई. आनि साखरबी घालू नगासा, त्या मशीनला मधुमेह व्हईल!"

बायका हसत दारात आल्या. गाडी दुपारपर्यंत थांबली. सिस्टरजवळच्या नळ्या संपल्या तेव्हा ती हिशोब न करता नुसती हसत होती.

काही आठवड्यांनी निकाल आले. बाकीच्यांचे बरे होते. भावजयीच्या नळीत विषाणू सापडला होता.

सिस्टर स्वतः तिला तालुक्याला घेऊन गेली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. तपासणारी डॉक्टर बाई होती. तिनं सांगितलं, कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागलेला एक चट्टा आहे. तो तिथल्या तिथे, गरम उपकरणानं जाळून टाकला. भूल नाही, टाका नाही. पुन्हा वर्षानं दाखवायला या म्हणाली. आम्ही दुपारच्या गाडीनं परत आलो. भावजयीनं आल्या आल्या पदर खोचून भाकरीचं पीठ काढलं.

"ताईंना एवढंच मिळालं असतं तर," ती चुलीला म्हणाली.

"हो," मी म्हणालो. दाराकडे न बघता, तिच्याकडे बघून.

पुढच्या वर्षी ती दाखवून आली. सगळं स्वच्छ होतं. घरात फारसं काही बदललं नाही. कप उंबऱ्यावरच येत राहिला. फक्त तो ठेवताना ती म्हणू लागली, "आबा, च्या."

मग सिस्टरची बदली झाली, आणि तिचं ते पत्र आलं. तेही आता तीन वर्षं जुनं झालं.

गेल्या महिन्यात भावजय तिच्या भाचीच्या लग्नाला पूर्वेकडे गेली होती. परत आली, हातपाय धुतले, आणि पावट्याच्या शेंगा सोलायला सोप्यात, माझ्यापासून जरा अंतरावर बसली.

"तिकडं कोळेकर सिस्टर भेटली," ती म्हणाली. "वाळलीया. म्हनाली, आबांना पत्र घातलं हुतं, उत्तर न्हाई आलं. खरं हाय?"

"खरं आहे."

"का दिलं न्हाई?"

"काय लिहिणार? यमुनेची शपथ तुमच्या गळ्यात होती. आपल्या घरातलं, तुमच्या अंगावरचं मी कागदावर कसं मांडू? लोक काय म्हणतील?"

"लोक? तिकडं बाया अजून धुऊन देत्यात. ती पोर नळ्यांचा वास घेत हिंडतीया. आनि तुमी लोकांचं काय घिऊन बसलाय?" तिनं एक शेंग जोरात मोडली. "मी तीन वर्सं जेवले, झोपले, लग्नांना गेले. तेवढ्यात तिकडं एखादी ताई गेली असंल."

मी उठून शब्दकोशातलं ते पत्र काढलं.

"ल्हिवा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"झालं ते. ताईंचं, माझं, मोरीतलं. काय म्हनालात ते बी."

"नावं बदलतो."

"कशापायी? बिननावाची बाई कुनाला खरी वाटत न्हाई. पुरं नाव घाला. इंदुमती बळवंत शेवाळे. आनि ताईंचं बी घाला. शपथ तुमच्यापुरती हुती. तुमाला कळून गेलं, आता ती सुटली."

मी बसलो. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. सुरुवात फार पुस्तकी होत होती. शेवटी जसं घडलं तसं लिहिलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून तिचं नाव माझ्या हातानं कागदावर पहिल्यांदाच उमटत होतं. मग तिला वाचून दाखवलं. ती शेंगा बाजूला ठेवून ऐकत होती. एकदाच तिनं मला थांबवलं.

"नळी कोमट हुती, हे कशाला?"

"होती म्हणून."

"खोडा ते."

मी पेन उचललं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बायांना कळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत गेलो. तिथल्या टपालपेटीपुढे मी उभा राहिलो आणि पाकीट पुन्हा एकदा उलटून पाहिलं. पत्ता बरोबर आहे का? सिस्टर अजून तिथेच असेल का? इतक्या उशिरा आलेल्या पत्राला ती हसेल का? आणि जी ओळ एका दाराशी बोलली गेली, ती दुसऱ्या दाराशी कुणाच्या उपयोगी पडेल तरी का?

भावजय रीतीप्रमाणे थोडी मागे उभी होती.

"आबा," ती म्हणाली, "टाका."

मी पाकीट पेटीत टाकलं.